वडिलांना मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर निघालाय, मला काहीच त्रास नाही. तरी जनुक तपासणी करू का?

हो ताई, नक्की करा. भावंडांनाही सांगा.

या प्रकारचा कॅन्सर साधारण चारातल्या एका रुग्णात घराण्यातून आलेला असतो. आरईटी जनुकात दोष असतो, आजाराचं नाव मेन-२. वडिलांत तो दोष असेल तर तुमच्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी. म्हणून आधी वडिलांचं रक्त द्या. त्यांच्यातला नेमका बदल कळला की तुमची तपासणी तेवढ्यापुरतीच होते. तो तुमच्यात नसेल, तर तुमच्या मुलांनाही तुमच्याकडून धोका नाही.

‘त्रास नाही’ यावर मात्र विसंबू नका. दोष असलेल्या मुलांची थायरॉइड ग्रंथीच कॅन्सर व्हायच्या आधी काढतात. काही बदलांत ५ वर्षांच्या आत, सगळ्यात घातक प्रकारात पहिल्याच वर्षी. नंतर रोज एक गोळी आणि नियमित तपासण्या.

वडिलांचं ऑपरेशन व्हायचं असेल तर त्याआधी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनलच्या गाठीचा सुगावा देणारी) तपासणी झालीय ना, हे विचाराच. मेन-२ मध्ये मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ होऊ शकते आणि भूल देताना बीपी जीवघेणं भडकू शकतं. मधूनच धडधड, दरदरून घाम, डोकं ठणकणं असं त्यांना होतं का? मुंबईच्या उकाड्यात घामाकडे कोण लक्ष देतं!

परळला टाटा मेमोरियल किंवा केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनच्या ग्रंथींचा) विभाग गाठा. बायोप्सीचा रिपोर्ट न्या आणि थायरॉइड, बीपी किंवा अचानक मृत्यू अशा नातेवाइकांची यादीही.