‘मला काय धाड भरलीय?’

एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडला की पूर्वी पहिला प्रश्न मरणाचा असायचा. हल्ली वेगळाच असतो : ‘‘मला काहीच होत नाही, मग जन्माच्या गोळ्या आत्तापासून कशाला?’’ सरसकट तपासणीत सापडलेली माणसं तर हटकून हे विचारतात. ती आजारी पडून आपल्याकडे, म्हणजे एचआयव्ही समुपदेशकांकडे, आलेली नसतात, आपण त्यांच्या दारात गेलेलो असतो. त्यामुळे पटवून देण्याचं ओझंही आपलंच.

दत्ताचं तेच झालं. (नाव खरं नाही, आणि दोन-तीन जणांच्या हकिकती यात एकत्र केल्या आहेत.) बीडकडचा ऊसतोड कामगार. कारखान्याच्या तळावर कोप्यांपाशी, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांपाशी, टोळीचं आरोग्य शिबिर होतं. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, आणि ज्याची त्याची संमती घेऊन एचआयव्ही. सगळ्यांनाच विचारलं की ‘मलाच का?’ हा डंख राहत नाही.

अशा शिबिरात एक चूक मात्र हमखास होते. किटवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे एचआयव्हीची शक्यता दिसली, की त्या माणसाला बाजूला घेऊन अर्धा तास बोलत बसतात, आणि अख्खी टोळी ते बघत असते. म्हणून रेषा एक असो की दोन, प्रत्येकाला एकट्याला आणि तेवढीच पाच मिनिटं द्यायची. ‘रक्त पुन्हा तपासू’ म्हणून रुग्णालयात बोलवायचं, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असलेल्या चार-पाच जणांनाही त्याच दिवशी बोलवायचं. शिवाय बोटाच्या थेंबावरची ती एक चाचणी म्हणजे निदान नव्हे. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर निकाल जुळला, तरच पॉझिटिव्ह.

दत्ताच्या तिन्ही जुळल्या. रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी सहाशेच्या वर, म्हणजे प्रतिकारशक्ती शाबूत.

‘‘मला काय धाड भरलीय, मॅडम? ताप न्हाई, खोकला न्हाई. रातच्याला ट्रक भरतो मी.’’

मी त्याला ‘स्टार्ट’ अभ्यासाचं सांगितलं. एचआयव्ही असलेली ४,६८५ माणसं, सगळ्यांच्या पेशी ५०० च्या वर. निम्म्यांना लगेच गोळ्या, निम्म्यांना पेशी घटल्यावर. लगेच घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्के कमी निघाले, हे २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात आलाच नाही. आकडे बरोबर होते, पण त्याचा प्रश्न आकड्यांचा नव्हताच.

नंतर आला, तेव्हा मी सांगायचं सोडून विचारलं : ‘‘या गोळ्यांबद्दल तुम्ही आधी काय ऐकलंय?’’

‘‘आमच्या साडूला तुमच्याच लोकांनी सांगितलं हुतं, पेशी चांगल्या हैत, गोळी नको. मला म्हणता आजच खा. खरं कोनाचं?’’

ज्याला आपण अज्ञान म्हणतो, ते बरेचदा आपलाच जुना सल्ला असतो. २००४ मध्ये सरकारी औषधं मोफत सुरू झाली तेव्हा पेशी २०० च्या खाली गेल्यावरच मिळत. पुढे ३५० झाले, मग ५००. आकडा कितीही असो, निदान झालं की उपचार, हे धोरण आपल्याकडे २०१७ मध्ये आलं. त्याआधी ‘सहा महिन्यांनी या’ असं ऐकून गेलेल्यांपैकी कितीतरी जण परत आले ते टीबी घेऊनच. मी म्हटलं, ‘‘दत्ताभाऊ, तेव्हा नियम तसा होता. थांबल्याने नुकसान झालं, म्हणून बदलला.’’ चूक कबूल केली की पुढचं बोलणं सोपं जातं, हे मी नव्या समुपदेशकांना आवर्जून सांगते.

‘‘पर किती दिवस खायाच्या?’’

गोळी विषाणूला वाढू देत नाही, पण थोडा विषाणू शरीरात दडून राहतोच, एवढंच मी म्हटलं आणि गप्प बसले. त्याने तळहाताचे घट्टे चोळले.

‘‘म्हंजी तोडला तरी बुडखा राहतोयच की. पाणी गावलं की खोडवा फुटतोय.’’

विषाणू दडून बसतो, हे समजावायला आमच्याकडे तक्ते आहेत, चित्रं आहेत. त्यातलं एकही या वाक्याच्या जवळ जात नाही. शेतकऱ्याला खोडवा हवा असतो, इथे नको, एवढाच फरक. माणसाला त्याची उपमा त्याची त्याला सापडेपर्यंत थांबावं, या माझ्या जुन्या मताला बळ देणारा तो क्षण होता. जन्मभर का, हे त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

उरली बायको. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर. ‘‘तिला कळलं तं?’’ याच्यामागे ही सगळी भीती होती. मी घाई केली नाही. दोन भेटींनंतर तोच तिला घेऊन आला. ती निगेटिव्ह निघाली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची, आणि दत्ताच्या रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी होईपर्यंत कंडोम. त्यानंतर गोळ्या न चुकता चालू असतील, तर संबंधातून तिला लागण होत नाही. ‘‘म्हंजी ही गोळी हिच्यासाठी बी हाय,’’ तो म्हणाला. त्याच दिवशी गोळी सुरू झाली.

त्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात : खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. यातलं काही असेल तर आधी टीबी तपासावा लागतो. दत्ताला काही नव्हतं. गोळी एकच, टीएलडी (तीन औषधं एकत्र), दिवसातून एकदा. पहाटेच्या चहाशी वेळ बांधली. विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, दोन एकदम नाही. खरी मेख दुसरीच होती : त्याच शिबिरात त्याला रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. लोह रिकाम्या पोटी सोबत घेतलं तर टीएलडीतलं डोल्युटेग्रावीर नीट शोषलं जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्या, नाहीतर टीएलडी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गोळ्या कागदात बांधून खिशात ठेवल्या तर ओल धरतात; डबीतच राहू द्यायच्या, आतली ओल शोषणारी पुडीही फेकायची नाही.

झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २१ वस्त्यांत २०१३ ते २०१८ या काळात अशाच सरसकट तपासणीचा पॉपार्ट हा मोठा प्रयोग झाला. घरोघर तपासणी आणि उपचाराशी जोडून देणं चाललेल्या एका गटात नवे संसर्ग ३० टक्के कमी झाले. हे सगळं करून शिवाय पहिल्यापासून सगळ्यांनाच लगेच गोळ्या देऊ केल्या त्या गटात मात्र जेमतेम ७ टक्के. अभ्यासकांना कोडं पडलं. मला वाटतं, किट आणि गोळी यांच्यामधलं बोलणं अजून कोणी नीट मोजलेलं नाही.

सहा महिन्यांनी दत्ताच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर विषाणू सापडला नाही. बायको तीन महिन्यांनंतरच्या तपासणीतही निगेटिव्हच होती. पुढचा हंगाम कर्नाटकात होता. तिथल्या एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या) नावाची बदलीची चिठ्ठी न्यावी, उपचाराच्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि निघण्याआधी पंधरा दिवस कळवावं, म्हणजे जास्त महिन्यांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारता येतं, असं मी सांगत होते. बायकोने मध्येच दत्ताकडे वळून विचारलं :

‘‘मुकादम दसऱ्याला उचल देतोय ना? मग डब्या त्याच्या आधीच घेऊ.’’