मीटर 12.6 दाखवतो, तरी सेल्फ का लागत नाही?

लगेच बॅटरी बदलू नकोस. काहीच चालू नसताना मीटरवर दिसतात ते 12.6 व्होल्ट म्हणजे जवळपास बॅटरीचं विद्युतचालक बल, ईएमएफ. करंटच वाहत नाही, तर व्होल्टेज वाटेत पडणार कुठे? ट्रॅक्टरचा सेल्फ मात्र 200 अँपिअर सहज ओढतो. टर्मिनलवरच्या त्या पांढरट-हिरव्या थराचा रोध फक्त 0.02 ओहम धर. 200 गुणिले 0.02, म्हणजे 4 व्होल्ट तिथेच गेले! हेडलाइट झकास लागतो, कारण तो 5 अँपिअरच्या आसपासचा. त्याचा जेमतेम 0.1 व्होल्ट जातो. शिकाऊ असताना त्या उजेडावर विसंबून मी एका शेतकऱ्याला नवी बॅटरी घ्यायला लावली होती. अजून वाईट वाटतं.

गाडी न्यूट्रलला ठेव, कुणाला तरी सेल्फ मारायला सांग. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी त्याच खुंटीवरच्या क्लॅम्पवर. अर्धा व्होल्ट दिसला तरी दोष तिथेच. मग आधी निगेटिव्ह सोड, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, पॉलिश पेपरने शिसं चकाकेपर्यंत घास. क्लॅम्प साफ असूनही सेल्फ मारताना खुंट्यांवरच 9 च्या खाली गेलं, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघ. तरीही तसंच असेल, तर तिचा आतला रोध वाढलाय. तेव्हा खुशाल बदल.