पॅनेलवरच्या चिठ्ठ्या आधी वाच

अनेक आशीर्वाद.

इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा (वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, भरून वस्तू बनवणारं मशीन) टचस्क्रीन ऑपरेटरला कितपत सोयीचा आहे हे तपासायचं, तर प्रश्नावली घेऊन लगेच जाऊ नकोस. आधी पॅनेल बघ. मार्करने लिहिलेले आकडे, चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, झिजलेलं एखादं बटण. स्क्रीनने जे सांगायला हवं होतं, ते कामगारांनीच तिथे लिहून ठेवलेलं असतं. सगळ्याचे फोटो घे.

मग ऑपरेटरकडून तीन कामं करून घे: दुसऱ्या मोल्डचं साठवलेलं सेटिंग उघडणं, कूलिंग टाइम १२ वरून १५ सेकंद करणं, अलार्मचं कारण शोधून मशीन पुन्हा चालू करणं. लागलेला वेळ, चुकीची बटणं, कुणाला विचारावं लागलं का, एवढं लिही. पाच-सहा जण पुरतात, पण त्यात रात्रपाळीचे हवेत आणि नवखेही. सुपरवायझर शेजारी नको. तो उभा असला की माणूस स्क्रीनकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघतो. परीक्षा स्क्रीनची आहे, तुमची नाही, हे सुरुवातीलाच सांग. मेंटेनन्सचा माणूस सोबत ठेव. सेफ्टी गेटचा इंटरलॉक (गेट उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) चाचणीसाठीसुद्धा बायपास करायचा नाही.

रोजचे हातमोजे घालूनच काम करू दे. कपॅसिटिव्ह स्क्रीनला (मोबाइलसारखा, उघड्या बोटाच्या स्पर्शावर चालणारा) साधे हातमोजे कळत नाहीत, मग माणूस हातमोजा काढतो आणि तसाच गरम मोल्डजवळ जातो. रेझिस्टिव्ह स्क्रीन दाबावर चालतो, तिथे ही अडचण नसते.

सर्वात जास्त वेळ अलार्मला दे. नुसता कोड दिसतो, की कुठे काय बिघडलं आणि आता काय करायचं तेही कळतं? न वाचताच रीसेट दाबलं जात असेल, तर सवयीचा दोष काढण्याआधी मशीनमधली अलार्मची नोंद (लॉग) बघ. बिनकामाचे अलार्म सतत वाजले की खराही तसाच दाबला जातो. शिवाय १.५ ऐवजी १५ टाकलं तर स्क्रीन अडवतो का, तेही बघ.

शेवटी एसयूएसची (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं ते मोजणारी प्रश्नावली) दहा विधानं, मराठीत किंवा हिंदीत, वाचून दाखव आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायला सांग. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा कर, सम विधानांचे गुण ५ मधून वजा कर, मग सगळ्यांची बेरीज करून तिला २.५ ने गुणून घे. १०० पैकी ६८ ही साधारण सरासरी. पण "चांगलं आहे साहेब" हे उत्तर भिडेपोटीही येतं. गुण ८० आणि अलार्मच्या कामात चौघे अडकलेले, असं दिसलं तर अडकलेल्यांवर विश्वास ठेव.

पहिल्या पाळीच्या नोंदी झाल्या की फोटोंसकट पाठव.