तलवार गंजलेली, कुऱ्हाड धारदार. मग गुन्हा तलवारीचाच का?

प्रश्न : आजोबांच्या काळातली एक तलवार आमच्या घरात भिंतीला लावलेली होती. पुतण्याने ती हातात घेऊन फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. बांधावरून भावकीशी आमचा वाद चालू आहे. त्यांच्यातल्याच कुणीतरी तो फोटो पोलिसांना दाखवला. पोलिसांनी घरी येऊन तलवार नेली, पडवीतली कुऱ्हाडही नेली आणि मला हजर राहण्याची नोटीस दिली. तलवार इतकी गंजली आहे की तिने दोरीही तुटणार नाही. कुऱ्हाडीला मात्र मी नेहमी धार लावतो, तरी सगळे म्हणतात की अडचण तलवारीचीच. ओळखीच्या एकाने सुचवलं, "तलवारीने झुडपं तोडतो असं सांगा." काय करावं?

उत्तर : झुडपांची गोष्ट अजिबात सांगू नका. एक खोटं पहिल्याच जबाबात गेलं की पुढे तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय तुमच्या बाजूने सांगण्यासारखं खरंच बरंच काही आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ वस्तूची धार बघत नाही, ती कशासाठी घडवली ते बघतो. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली धारदार हत्यारं कायद्याच्या व्याख्येत येतात. केवळ घरगुती किंवा शेतीकामाच्या वस्तू, अगदी लाठीसुद्धा, त्यातून वगळल्या आहेत. तलवारीचं पातं लांब आणि पातळ, तिचा तोल मुठीकडे, म्हणजे ती मनगटासरशी फिरावी. तिचं काम माणसाशी लढण्याचं, आणि गंज चढला म्हणून ते बदलत नाही. कुऱ्हाडीचा सगळा भार दांड्याच्या टोकाला असतो. पातं धारेकडून मागे जाड होत जातं, ते लाकडात शिरून लाकूड फाकवण्यासाठी.

पण कुऱ्हाडीबद्दल निर्धास्त राहू नका. शस्त्र नियम, २०१६ मधल्या यादीत तलवार, खंजीर, भाले यांच्यासोबत लढाईची कुऱ्हाडही नाव घेऊन आली आहे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तशी इतर हत्यारंही तिथे आहेत. तुमच्या कुऱ्हाडीचं पातं दोन इंचांहून रुंद असणारच. तिला वाचवतो तो त्याच नोंदीतला अपवाद : घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणून पंचनाम्याची नक्कल हातात आली की आधी एक ओळ शोधा. तिथे "लाकूड फोडण्याची कुऱ्हाड" लिहिलंय, की "लाकडी दांडा असलेलं एक धारदार लोखंडी हत्यार"? दुसरं असेल, तर लगेच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात कुऱ्हाड कुठे होती, शेजारी फोडलेली लाकडं होती का, दांडा किती झिजला आहे, पाचर कशी ठोकली आहे, हे सगळं लिहा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे. ते रेकॉर्डवर यावं अशी मागणी वकिलामार्फत करा.

आता तलवार. बंदुकीला परवाना लागतो तो शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मुळे. तलवारीसारख्या हत्याराला तो लागतो त्याच कायद्याच्या कलम ४ खाली, आणि हे कलम केंद्र सरकारने ज्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तिथेच लागू होतं. तुमच्या भागाला अशी अधिसूचना लागू आहे का, तिच्यात कोणती हत्यारं आहेत, हे वकिलाने पहिल्याच दिवशी तपासायला हवं. ती कोर्टात दाखल करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. मात्र हा मुद्दा कोर्टात मांडायचा; पोलीस ठाण्यात त्यावर हुज्जत घालून हाती काही लागत नाही.

फोटोचा त्रास वेगळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश असेल, तर शस्त्रं, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. शस्त्र अधिनियमातून सुटलेली लाठी इथे अडकते. तेव्हा फोटो घरात काढला की रस्त्यावर, आणि त्या दिवशी आदेश लागू होता का, यावर बरंच ठरेल. घाबरून फोटो डिलीट करायला लावू नका, पुरावा नष्ट केल्याचा ठपका वर यायचा.

मला खरी काळजी वाटते ती बांधाची. घरात असताना कुऱ्हाड अवजार आहे. भांडणात उगारून मारली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये ती आणि तलवार एकाच पंगतीला बसतात. तिथे कापणारं साधन एवढंच पाहतात, ते कशासाठी घडवलं होतं हे कुणी विचारत नाही. वाद मिटेपर्यंत त्या बांधावर कुऱ्हाड, कोयता काहीही घेऊन जाऊ नका. लाकूड तोडायचंच असेल तर बांधापासून लांब, आपल्याच शेताच्या दुसऱ्या टोकाचं तोडा. बांधाच्या हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.

नोटिशीतल्या तारखेला हजर राहाच. गैरहजर राहिलात तर अटकेला कारण मिळतं. कुऱ्हाड परत मिळावी म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो, ती सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, मिळू शकते. तलवार परत मागण्याची घाई नको. परवाना लागतो असं निघालं, तर आधी परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागेल. नातेवाइकांकडेही अशी जुनी हत्यारं असतील आणि तिथे अधिसूचना लागू असेल, तर त्यांना पोलीस येण्याची वाट बघू देऊ नका : शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ खाली ती स्वतःहून पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेता येते, आणि परवाना मिळाल्यावर परत मागता येतात.