जीटी८६चे व्हील्स, बॉडी किट आणि विंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, माझी टोयोटा जीटी८६ आहे, स्टॉक १७ बाय ७ प्लस ४८ व्हील्स (व्यास आणि रुंदी इंचात, शेवटचा आकडा ऑफसेट मिमीत) काढून १७ बाय ९ प्लस ४२ टाकायचेत. घासतील का?

उत्तर: हिशोब मांडू. रुंदी २ इंच वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला २५.४ मिमी, त्यात ऑफसेट (व्हीलच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) ६ने कमी झाला, त्यामुळे व्हील बाहेर साधारण ३१ मिमी येणार आणि आत सस्पेन्शनकडे १९ मिमी सरकणार. लोक फक्त बाहेरचं बघतात आणि मग टायर आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) लागतो. २२५/४५ टायरवर ही साईज सहसा बसते, गाडी खाली केली असेल तर पुढे थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) द्यावा लागतो. तरी ऑर्डरच्या आधी स्वतः मोजाच. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपासूनचं अंतर घ्या, आत स्ट्रटपर्यंतचं घ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा.

आणि पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास) ५ बाय १०० आहे हं, निसान ३५०झेड किंवा माझदा आरएक्स-७ एफडीचे ५ बाय ११४.३चे व्हील्स यावर बसत नाहीत. सेंटर बोअर (व्हीलच्या मधलं भोक) ५६.१ मिमी, नव्या व्हीलचं भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घ्या नाहीतर व्हील सेंटरला बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरतं. नट मात्र टोयोटाचे नेहमीचे १.५ पिचचे (आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) घेऊ नका, ही गाडी सुबारूसोबत बनलीय, तिला १२ बाय १.२५ लागतात, जबरदस्तीने फिरवले की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजा.

प्रश्न: टीई३७सारखे दिसणारे स्वस्त व्हील्स मिळतायत, घेऊ का?

उत्तर: रेज या जपानी कंपनीचं टीई३७ व्हील १९९६ला आलं आणि नावातले ३७ हे १५ इंची व्हीलच्या ३.७ किलो वजनावरून आलेत, म्हणजे त्या डिझाईनची सगळी गंमत फोर्जिंग (धातू दाबून घडवणं) आणि हलकेपणात आहे. नक्कल केलेलं कास्ट (साच्यात ओतलेलं) व्हील दिसायला तसंच, पण बरंच जड. आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं, त्यामुळे सस्पेन्शनला प्रत्येक खड्ड्यात ते सांभाळावं लागतं, शिवाय वेग वाढवताना आणि थांबवताना तेच फिरवावं-थांबवावं लागतं. बजेट कमी असेल तर चांगल्या कंपनीचं फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग रिम फिरवत दाबून घडवलेलं) घ्या, मला तो मधला रस्ता मनापासून पटतो. व्हीलवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी दर्जाच्या दोन्ही खुणा बघा, पहिली बनवणारा स्वतः लावतो, दुसरीसाठी तिसऱ्याकडून तपासणी होते. हे काहीच नसेल आणि विकणारा वजनही सांगत नसेल तर सोडून द्या.

प्रश्न: फ्रंट लिप (पुढच्या बंपरखालची पट्टी) एफआरपीचा (फायबरग्लासचा) घेऊ की पॉलियुरेथेनचा?

उत्तर: रोजची गाडी असेल तर पॉलियुरेथेन. स्पीडब्रेकरला टेकला तर वाकून परत येतो, एफआरपी तडकतो. एफआरपी हलका आणि दुरुस्त करायला सोपा, पण फिटिंगला घासाघीस असतेच, म्हणून रंग द्यायच्या आधी गाडीवर एकदा लावून बघा, भोकं जुळवा, मगच प्रायमर. पॉलियुरेथेनच्या रंगात फ्लेक्स एजंट (रंग लवचिक ठेवणारं द्रव्य) घालायला सांगा, नाहीतर रंगाला भेगा पडतात.

प्रश्न: मागे मोठी विंग लावली तर ग्रिप वाढेल ना?

उत्तर: वेगात वाढेल. डाऊनफोर्स (हवेने गाडीला खाली दाबणारा जोर) वेगाच्या वर्गाने वाढतो, ६०ला जेवढा त्याच्या चौपट १२०ला, त्यामुळे शहरात ती फक्त दिसण्यापुरती. पुढे स्प्लिटर (बंपरखालची आडवी फळी) नसताना मागे मोठी विंग लावली तर जोरात वळताना पुढचं टोक हलकं पडतं आणि गाडी अंडरस्टिअर करते, म्हणजे वळवू तेवढी वळत नाही. पुढचं-मागचं एकत्र ठरवा.

प्रश्न: रॉकेट बनीसारखं वाईडबॉडी करायचंय, व्हील्स आत्ताच घेऊन ठेवू?

उत्तर: अजिबात नको. डिझायनर केई मिउरांच्या त्या रॉकेट बनी किटमध्ये मूळ फेंडर कापून वरून ओव्हरफेंडर (चाकावरचं रुंद आवरण) रिव्हेट करतात, एकदा कापला की परत जाता येत नाही आणि रुंदी किटप्रमाणे बदलते. आधी किट हातात येऊ दे, राईड हाईट (गाडीची जमिनीपासूनची उंची) फायनल करा, ओव्हरफेंडर नुसते अडकवून मोजा, मगच ऑफसेट ठरवा. आणि कापलेल्या कडेला गंजरोधक प्रायमर आणि सीलर लावून घ्या, बरेच जण हे टाळतात आणि पत्रा आतून सडत जातो.