नौदलप्रमुख पुढे मंत्री झाल्याचं उदाहरण आहे का?

हो, ब्रिटनचे अ‍ॅडमिरल अ‍ॅलन वेस्ट. १९६५ मध्ये ते नौदलात गेले. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ‘आर्डंट’ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) त्यांच्या हाताखाली होती. २१ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानांनी तिच्यावर बाँब टाकले, २२ जण मारले गेले. जहाज पेटलेलं, एका बाजूला कललेलं; उरलेले सगळे उतरल्यावर वेस्ट शेवटी उतरले. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा क्षण मोठा वाटतो.

२००२ ते २००६ ते नौदलप्रमुख होते. २००७ मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (संसदेच्या नेमलेल्या सदस्यांच्या वरच्या सभागृहात) आणून गृहखात्यात सुरक्षा आणि दहशतवादविरोधी कामाचं कनिष्ठ मंत्रिपद दिलं. निवडणूक कधीच लढवली नव्हती.

राजकारण मात्र जड गेलं. दहशतवादाच्या संशयिताला आरोपाशिवाय २८ दिवसांहून जास्त कोठडीत ठेवावं हे सरकारचं म्हणणं पटलेलं नाही, असं ते रेडिओवर बोलून गेले. ब्राउन यांची भेट झाली आणि त्याच दिवशी वेस्ट यांनी भूमिका बदलली. माझ्या मते पहिलं उत्तरच मनापासूनचं होतं. २०१० मध्ये ब्राउन यांचं लेबर पक्षाचं सरकार गेलं, तोपर्यंत ते त्या पदावर होते.