बडोद्यात पहिलं वर्ष: कुठे जायचं, कुठे नाही

अगं, नोटीस बोर्डावर दिसेल त्या प्रत्येक कार्यक्रमाला नाव देऊ नकोस. मी दिलं होतं, आणि दिवाळीपर्यंत पार दमून गेले. दोन-तीनच धर, पण मनापासून.

नवरात्रात आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचा गरबा चुकवायचा नाही. पासाची चौकशी आधीच करून ठेव, ऐनवेळी फार धावपळ होते. येत नाही म्हणून कडेला उभी राहू नकोस गं. बाहेरच्या रिंगणात शिर, पुढच्या मुलीच्या पावलांवर नजर ठेव. तिसऱ्या फेरीला टाळी आपोआप जमते.

वर्षाच्या शेवटी तिथल्याच मुलांच्या कामांचं प्रदर्शन लागतं, ते मला सगळ्यात जवळचं. स्टुडिओत टर्पेंटाइनचा वास भरलेला असतो. चित्र समजलं नाही तर सरळ विचार, काढणारा बहुतेक तिथेच असतो आणि भरभरून सांगतो.

गाण्याची आवड असेल तर सूरसागर तलावासमोर परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीला जा. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांनी गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेतूनच ती उभी राहिली. मैफलीला मागे बसू नकोस, पुढे बस.

आणि हजेरीचं बघ. सरांना आधी सांगून गेलीस की सहसा अडत नाही.